भारतीय मूकपटांतले लाडके चेहरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयात, शाळेत, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली माणसंही मला मूकपटांतल्या नट-नट्यांबद्दल विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. 'पहिला कोण, पहिली कोण' हे सगळ्यांनाच हवं असतं, आणि ते खाली आहेच. पण माझी खरी इच्छा वेगळी आहे. या माणसांची नावं पाठ करण्यापेक्षा, जेवढं उरलंय तेवढ्यात त्यांना काम करताना तुम्ही बघावं, एवढंच मला वाटतं.

मूकपटांचा काळ नेमका कोणता धरायचा?

३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. १४ मार्च १९३१ ला त्याच गिरगावात, मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलायला लागला. मधली अठरा वर्षं आपल्या मूकपटांची. त्याआधी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' कॉरोनेशनलाच दाखवला गेला होता. ते मुळात नाटकाचंच चित्रण होतं, म्हणून त्याला पहिल्या चित्रपटाचा मान द्यायचा की नाही हा वाद अजून चालतो. बोलपट आल्यावर मूकपट एका रात्रीत बंद पडले असंही नाही. फाळक्यांचा 'सेतुबंधन' १९३२ चा आहे, आणि तो मूकपट म्हणूनच बनला होता.

'मूक' हा शब्दही जपून घ्या. थिएटरात पेटी, तबला, फिडल वाजत असायचं. पडद्यावरच्या पाट्या ज्यांना वाचता येत नसत त्यांच्यासाठी कुणीतरी त्या मोठ्यानं वाचायचं. मुका होता तो फक्त नट.

पहिली तारामती पुरुषानं केली, हे खरं का?

खरं. त्यांचं नाव अण्णा साळुंके. ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात ते स्वयंपाकी होते. फाळक्यांनी तारामतीसाठी बाई शोधायचा आटोकाट प्रयत्न केला होता. वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, नाटकवाल्यांकडे विचारलं, वेश्यावस्तीतही जाऊन आले. कुणी तयार होईना. शेवटी हॉटेलात चहा आणून देणाऱ्या या सडपातळ तरुणाचे नाजूक हात त्यांच्या नजरेत भरले. हॉटेलात महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र.

पुरुषानं बाई होणं तेव्हाच्या प्रेक्षकाला मुळीच खटकलं नसणार. ज्या १९१३ साली हा चित्रपट लागला त्याच साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. स्त्रीपार्टी नटाच्या नेसण्यावरून घराघरातल्या बायका नेसणं शिकत, असा तो काळ. वाईट नाव होतं ते सिनेमाला. म्हणूनच, फाळके आपल्या माणसांना म्हणायचे, की काय करता असं कुणी विचारलं तर सांगा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत.

आज जी रिळं बघायला मिळतात त्यांत एक हौदाचं दृश्य आहे. तारामती दासींबरोबर पाण्यात खेळते आहे. सगळ्या दासी पुरुष, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, खांदे रुंद. बघणारे बहुतेकदा इथे हसतात. मी सांगते, दुसऱ्यांदा बघा आणि या वेळी फक्त साळुंक्यांच्या मानेकडे आणि मनगटाकडे लक्ष ठेवा. पदर सावरताना हात कुठवर जातो, मान किती वळते, हे त्यांनी कुणाच्या तरी घरात बसून टिपलेलं आहे. कालपर्यंत भट्टीपुढे उभा असलेला माणूस कॅमेऱ्यापुढे एवढं करतो, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले म्हणतात. ते कसं जमवलं?

'लंकादहन', १९१७. त्यात राम साळुंके आणि सीताही साळुंकेच. दोघं एका चौकटीत आणायची फारशी गरज नव्हती, कारण कथाच सीताहरणानंतरच्या विरहाची. हनुमान झाले होते गणपत शिंदे. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढून नमस्कार करत, आणि तेच लोक पुढच्या दृश्यात त्याच माणसाला सीता म्हणून पाहून डोळे पुसत. आपल्या पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका. या चित्रपटाचा थोडासाच तुकडा वाचला आहे. साळुंके पुढे कॅमेऱ्याच्या मागेही गेले आणि छायाचित्रणाचं काम करू लागले.

मग पडद्यावर आलेली पहिली बाई कोण?

दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघी एकाच चित्रपटात. 'मोहिनी भस्मासुर', फाळक्यांचाच, 'राजा हरिश्चंद्र'च्या पाठोपाठचा. पार्वती दुर्गाबाई, मोहिनी कमलाबाई. आई आधी की मुलगी आधी, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोघी एकाच दिवशी, एकाच पडद्यावर आल्या.

दुर्गाबाई एकटीनं मुलीला वाढवत होत्या आणि पोटासाठी नाटक कंपनीत काम करत होत्या. १९१३ साली अशा बाईला आपला समाज कुठल्या नजरेनं बघत असेल ते वेगळं सांगायला नको. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या. लग्नानंतर त्या कमलाबाई गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. म्हणजे टीव्हीवर, रंगभूमीवर आपण ज्यांना डोळे भरून पाहिलं, त्यांच्या घरातली अभिनयाची ओळ थेट फाळक्यांच्या कॅमेऱ्यापर्यंत जाते. कमलाबाई १९९० च्या दशकापर्यंत होत्या. रीना मोहन यांनी त्यांच्यावर केलेल्या माहितीपटात थकलेल्या, एकट्या राहणाऱ्या कमलाबाई नाटकातली जुनी पदं आठवून म्हणतात. तो मिळाला तर जरूर बघा.

एखाद्याला मूकपटाची गोडी लावायची तर कोणता कलाकार आधी दाखवाल?

क्षणाचाही विचार न करता, मंदाकिनी फाळके.

'कालिया मर्दन', १९१९. फाळक्यांची ही मुलगी तेव्हा सातेक वर्षांची, आणि तिला केलं बाळकृष्ण. कथा सुरू होण्याआधीच फाळके एक पाटी दाखवतात: सात वर्षांच्या मुलीच्या मुद्राभिनयाचा नमुना. मग पडद्यावर फक्त तिचा चेहरा येतो. ना मुकुट, ना मोरपीस. ती हसते, रुसते, रागावते, घाबरते, डोळे मोठे करते, आणि एकातून दुसऱ्यात जाताना मधली क्षणभराची जी मोकळी जागा असते ना, तिथे ती पुन्हा फाळक्यांच्या घरातली साधी पोर दिसते. बहुतेक कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून बापच 'आता राग, आता हसू' असं सांगत असणार. मग तोच चेहरा विरघळत विरघळत कृष्ण होतो.

मला वाटतं, नट म्हणजे काय हे आपल्या सिनेमानं प्रेक्षकाला पहिल्यांदा इथे समजावून सांगितलं. ही बघा मुलगी, आणि हा बघा देव. मधे आहे तो अभिनय. पुढे ती झाडावरून डोहात उडी घेते, पाण्याखाली नागाशी झुंजते, आणि काठावर गोकुळ हवालदिल होऊन उभं राहतं. फाळके एकदा डोह, एकदा काठ असं आलटूनपालटून दाखवत ताण वाढवत नेतात. कृष्ण फणीवर उभा राहून वर येतो तेव्हा शंभर वर्षांनंतरच्या पोरांनीही टाळ्या वाजवलेल्या मी ऐकल्या आहेत. सुदैवानं या चित्रपटाचा बराच भाग शाबूत आहे.

कोल्हापूरकडचे कोण?

बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी म्हणजे नटांची शाळाच होती. त्यांचा 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात लागला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाईंचं नाव कमलादेवी झालं, अनसूयाबाईंचं सुशीलादेवी. पडद्यासाठी नवं नाव घेण्यामागे झगमगाट कमी आणि घरच्यांची लाज राखणं जास्त होतं, हे विसरू नये. झुंझारराव पवार, बाळासाहेब यादव ही त्या वेळची भारदस्त मंडळी. 'सिंहगड' (१९२३) मधला तानाजी बाळासाहेबांचा.

मला सर्वात जास्त चुटपूट लागते ती 'सावकारी पाश'ची. १९२५ साल. देवांचे, राजांचे चित्रपट निघत असताना बाबूरावांनी कर्जात बुडून जमीन गमावलेला, शहरात मजुरीला आलेला शेतकरी दाखवला. तो तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. ज्यांनी पाहिला त्यांनी एका झोपडीचं आणि तिच्यापुढे रडणाऱ्या कुत्र्याचं दृश्य आयुष्यभर लक्षात ठेवलं. तो मूकपट आज उरलेला नाही.

सुलोचना म्हणजे आपल्या सुलोचनादीदीच ना?

नाही, आणि हा घोटाळा फार वेळा होतो. आपल्या चित्रपटांत आईच्या भूमिका करणाऱ्या सुलोचना लाटकर वेगळ्या, लावणीवाल्या सुलोचना चव्हाण वेगळ्या. मूकपटांतली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. जन्म पुण्याचा, १९०७ चा. घराणं बगदादी ज्यू. मुंबईत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात येता का म्हणून विचारलं तर आधी नाही म्हणाल्या, मग 'वीर बाला' (१९२५) केला, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्याएवढी मोठी नटी देशात उरली नाही.

त्यांच्या भूमिकांची नावंच बघा: 'सिनेमा क्वीन', 'टायपिस्ट गर्ल'. नोकरी करणारी, एकटी ट्राममधून जाणारी, गाडी चालवणारी मुलगी. ज्या शहरात अशा मुली नुकत्याच दिसायला लागल्या होत्या, तिथे पडद्यावर ती दिसणं म्हणजे काय, ते तेव्हाच्या गिरणगावातल्या, फोर्टातल्या प्रेक्षकालाच ठाऊक. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये त्यांनी आठ वेगवेगळी सोंगं घेतली. पोलीस, माळी, हैदराबादी गृहस्थ, केळीवाली, गोरी मडम, सगळं. त्यांचा पगार महिन्याला पाच हजारांपर्यंत गेला. मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा सुलोचना जास्त कमावते, अशी बोलवाच होती.

त्यांच्या आयुष्याची दोरी मला 'अनारकली'त दिसते. १९२८ साली एक मोठी कंपनी सीतादेवी या दुसऱ्या नटीला घेऊन अनारकलीवर भव्य चित्रपट करत होती. इंपीरिअल फिल्म कंपनीनं तेवढ्यात सुलोचनांना घेऊन आपला 'अनारकली' झपाट्यानं पुरा केला आणि आधी लावला. लोकांनी तोच उचलून धरला. बोलपट आल्यावर १९३५ मध्ये त्या पुन्हा अनारकली झाल्या, या वेळी आवाजासकट. आणि १९५३ च्या 'अनारकली'त? त्यात त्या सलीमच्या आई होत्या. नायिका दुसरीच कुणी. पंचवीस वर्षांत एकाच गोष्टीत त्या भिंतीत चिणून घेणाऱ्या मुलीपासून राजवाड्यातल्या आईपर्यंत आल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३ मध्ये त्या गेल्या. त्यांचे मूकपट जवळजवळ सगळे गेलेत, आणि राहिलेत ते फोटो. त्या फोटोंतही त्या कॅमेऱ्याकडे अशा रोखून बघतात, की आपणच नजर खाली घ्यावी.

त्यांचा नायक कोण असायचा?

बहुधा दिनशॉ बिलिमोरिया. पारशी, खडकीचे. म्हणजे त्या काळातली सर्वात गाजलेली जोडी दोन्हीकडून पुण्याची. त्यांचे बंधू एडी बिलिमोरियाही लोकप्रिय नट होते.

मास्टर विठ्ठल एवढे गाजले, मग आज कुणाला का आठवत नाहीत?

कारण त्यांचं सगळं कसब अंगात होतं, आणि ते अंग ज्या फितीवर होतं ती फीतच राहिली नाही.

कोल्हापूरचा हा मुलगा लहानपणीच नाटक कंपनीत शिरला, मग महाराष्ट्र फिल्म कंपनीत फिती कापण्या-जोडण्याचं काम करू लागला. पडद्यावर तो आधी आला 'कल्याण खजिना'त, तोही नाचणाऱ्या मुलीच्या वेषात. १९२६ पासून शारदा कंपनीच्या चित्रपटांत नायक झाला आणि मग तलवारबाजी, घोडदौड, सज्जावरून उड्या. लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा, तंबूत जमिनीवर बसून सिनेमा पाहणाऱ्यांचा हा पहिला आपला हीरो.

'आलम आरा'चं नायकपद मिळालं म्हणून ते शारदा सोडून इंपीरिअलमध्ये गेले. शारदानं करार मोडल्याचा दावा लावला. विठ्ठलांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि ते जिंकले. पण पडद्यावर मात्र दैवानं वेगळंच केलं. हिंदुस्थानी बोलणं त्यांच्या जिभेला सहज येईना, म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला बराच वेळ गुंगीत, न बोलताच ठेवण्यात आलं. पुढे ते मराठी चित्रपटांत कामं करत राहिले. १९६९ मध्ये वारले. आमच्या आजोळी माळ्यावर त्यांच्या एका चित्रपटाची पातळ पुस्तिका होती. मी शोधायला गेले तेव्हा वाळवीनं मधोमध खाल्लेली. हातातली तलवार राहिली होती, चेहरा गेला होता.

त्या काळच्या नट्यांत अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुली एवढ्या कशा?

हिंदू-मुसलमान घरांत मुलीनं कॅमेऱ्यापुढे उभं राहणं म्हणजे घराण्याला काळिमा, असं मानलं जाई. या मुली मात्र आधीच टायपिस्ट, ऑपरेटर म्हणून घराबाहेर पडलेल्या होत्या. आणि भाषेची अडचण? ती नव्हतीच, कारण बोलायचं नव्हतं. कलकत्त्याच्या मदन थिएटर्सची पेशन्स कूपर दमयंती झाली. 'पत्नी प्रताप'मध्ये तिनं दोन बहिणींची दुहेरी भूमिका केली. रेनी स्मिथ सीतादेवी झाली आणि 'प्रेम संन्यास', 'शिराज', 'प्रपंच पाश' या हिमांशू रायांच्या चित्रपटांतून युरोपात पोचली. बेरिल क्लासेन ही झाली माधुरी. पडद्यावरचं नाव मात्र सगळ्यांना हिंदूच लागे.

पण पडद्यावर कुणी कोण व्हावं, याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. त्रावणकोरात जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन'मध्ये पी. के. रोझी या दलित मुलीनं नायर घरातल्या स्त्रीची भूमिका केली. खेळ सुरू असतानाच प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. तिच्या मागे लोक लागले, तिला गाव सोडून पळावं लागलं, आणि पुन्हा ती कधी पडद्यावर आली नाही. मल्याळम सिनेमाची ती पहिली नायिका. मूकपटांच्या आठवणी काढताना आपण कौतुकच फार करतो. रोझीचं नाव त्यात यायलाच हवं.

पहिली दिग्दर्शिका नटीच होती का?

हो, फातमा बेगम. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या, 'वीर अभिमन्यू' (१९२२) मधून पडद्यावर दिसल्या, आणि १९२६ मध्ये स्वतःची कंपनी काढून 'बुलबुले परिस्तान' दिग्दर्शित केला. सुलताना, झुबेदा, शहजादी या त्यांच्या तिन्ही मुली नट्या झाल्या. झुबेदाच पुढे 'आलम आरा'ची नायिका.

त्याच सुमाराला गोहर होती. 'गुणसुंदरी' (१९२७) मध्ये तिनं दिवसभर घरात राबणारी बायको केली. नवरा संध्याकाळी नटून बाहेर जातो. एके दिवशी तीही नटून उंबऱ्याबाहेर पडते, आणि कुठे निघालीस म्हणून विचारल्यावर 'तुम्ही जाता तिथेच' अशा अर्थाचं सांगते. आवाज नसताना, नुसत्या पाटीवर आणि चेहऱ्यावर हे उत्तर गाजलं. चंदुलाल शहांबरोबर तिनं १९२९ मध्ये रणजित उभी केली, आणि ती कंपनी कितीतरी वर्षं मुंबईतली अग्रगण्य कंपनी राहिली.

ललिता पवार मूकपटांत होत्या, हे पटत नाही.

पटवून घ्या, कारण पुरावा डोळ्यांनी बघता येतो. येवल्याच्या या अंबूनं १९२८ च्या सुमारास पुण्यात कामाला सुरुवात केली. १९३१ चा 'दिलेर जिगर', जी. पी. पवारांचा, सुदैवानं शिल्लक आहे. तलवारबाजीनं भरलेला साहसपट, आणि त्यात ही तरुण नायिका म्हणून दिसते. १९३२ च्या 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेनं डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि पुढे आपण त्यांना खाष्ट सासू म्हणूनच ओळखलं. त्याआधीचा तो चेहरा बघितला, की पुढची प्रत्येक सासू वेगळी दिसायला लागते.

बोलपट आल्यावर या कलाकारांचं काय झालं?

ज्याच्या त्याच्या जिभेवर ठरलं. सुलोचनांनी वर्षभर थांबून हिंदुस्थानी शिकून घेतली, मग आपल्याच मूकपटांचे बोलपट केले. गोहर, झुबेदा तरल्या. ज्यांना गाता येत होतं त्यांना रातोरात भाव आला, कारण नट स्वतःच गायचा. अनेक जण मात्र कंपनीच्या हजेरीपटावरून गुपचूप उतरले. १९२९-३० मध्ये मूकपटांतून आलेले पृथ्वीराज कपूर 'आलम आरा'त होतेच, आणि त्यांना त्या भारदस्त आवाजानं कुठे नेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

ते हातवारे, ते डोळे फिरवणं... आज हसू येतं. तो अभिनयच तसा होता का?

काही अंशी होता. नाटकातून आलेली माणसं मागच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून मोठ्यानं अभिनय करत. पण तुम्हाला जे हसू येतं त्याचं निम्मं कारण वेगळं आहे. तो दोष नटाचा नाही.

कॅमेरा तेव्हा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण सोळा चित्रं घेतली जात, हात थकला की कमी, दृश्य रंगलं की जास्त. आवाज आल्यावर चोवीसचा नियम पक्का झाला. आता सोळानं घेतलेलं चोवीसनं दाखवलं, तर माणूस दीडपट वेगानं चालणार. तारामती तुरुतुरु पळते, दाबके झटके आल्यासारखे हात हलवतात. इंटरनेटवर जुन्या फितींचे जे तुकडे फिरतात त्यांतले बरेच असेच धावतात. प्लेअरमध्ये वेग पाऊणपट करा, आवाज बंद करा आणि पुन्हा बघा. चालणं जमिनीवर येतं. नजर वळायला वेळ लागतो, आणि त्या वेळातच अभिनय असतो. मी दर कार्यक्रमात आधी धावता तुकडा दाखवते, मग तोच संथ करून. दुसऱ्या वेळी सभागृहात कुणी हसलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

चॅप्लिन, कीटन, मेरी पिकफर्ड आपल्याकडे कुणी बघायचं का?

भरपूर. परदेशी चित्रपट इथल्या पडद्यांवर सर्रास लागत, आणि चॅप्लिन, फेअरबँक्स, पर्ल व्हाइट, एडी पोलो ही नावं पोरांच्या तोंडी असत. चॅप्लिनवर कितीही लिहिता येईल, पण ते इतरांनी लिहिलंय. त्याचे चित्रपट सुखरूप आहेत. आपल्या माणसांना आठवणीची गरज जास्त आहे.

एकूण किती मूकपट उरलेत? आणि बाकीचे गेले कुठे?

आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले. आज पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसही हाती नाहीत. नायट्रेटची फीत गवताच्या गंजीसारखी पेट घेई, आणि दमट हवेत चिकट होऊन वितळे. बोलपट आल्यावर जुन्या रिळांना कुणी विचारेना, तेव्हा त्यांतली चांदी काढून विकली गेली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, तंबूवाल्यांकडून, निर्मात्यांच्या वारसांकडून जेवढं सापडलं तेवढं गोळा केलं. फाळक्यांचं जे काही आज आपण बघतो त्यात नायरांचा वाटा मोठा आहे. एवढं करूनही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली.

सीतादेवींच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं. हिमांशू रायांचे ते चित्रपट जर्मनीशी आणि ब्रिटनशी जोडलेले असल्यानं परदेशात प्रती राहिल्या. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं 'शिराज' दुरुस्त केला आणि २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या नव्या संगीतासह दाखवला. राजपुतान्याचं लख्ख ऊन त्यात असं काही पडलंय, की काळ्या-पांढऱ्यातही डोळे दिपतात.

घरात जुनं सामान आवरताना मूकपटाची पुस्तिका, फोटो किंवा रीळ सापडलं तर काय करायचं?

पुस्तिका आणि फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरतो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. साध्या कोऱ्या कागदात गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं ठेवा, भिंतीपासून आणि ओलीपासून दूर. मागे पेन्सिलनं एवढंच लिहा: कुणाच्या ट्रंकेत, कुठल्या गावी मिळालं. फोन असेलच, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

रीळ सापडलं तर ते घरच्या प्रोजेक्टरवर लावायचा मोह टाळा. डबा उघडल्यावर आंबूस, तिखट वास आला किंवा तपकिरी भुकटी दिसली, तर ती नायट्रेट फीत असू शकते. देवघर, गॅस, उन्हाचा कठडा यांपासून ती लांब, थंड जागी ठेवा आणि पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या संग्रहालयाशी संपर्क करा. टपालानं पाठवू नका. डबा गंजला असेल तर हातोडीनं ठोकून उघडू नका, तसाच राहू द्या. झाकण कसं काढायचं ते तिथल्या माणसांना माहीत असतं. वरचं लेबल अर्धवट असलं तरी ओलं फडकं फिरवून पुसू नका. त्या अर्धवट अक्षरांत कदाचित एखाद्या नटीचं नाव असेल.